तिच्या आवाजातली मापं

माझ्या बायकोचा आवाज एकाच ठिकाणी शिल्लक होता, आणि ते ठिकाण मी स्वतःच पुसायला दिलं. फोटो आहेत. लग्नाचा आहे, लेकीच्या बारशाचा आहे, भिंतीवर हार घातलेला आहे. फोटोंचं मला काही नव्हतं. बाई दिवसभर बोलायची आणि मी दिवसभर म्हणायचो, जरा गप बस गो. आता घर गप झालं तेव्हा कळलं की बोलणं कुठं साठवलंच नाही. तिचा फोन साधा, बटणांचा. लेकीच्या फोनमध्ये एका हळदीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आहे, त्यात ती तोंड हलवताना दिसते आणि ऐकू येतो तो बेंजोवाल्यांचा बाजा.

ती पोलादपुरात ब्लाऊज शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत मशीन आणि खिडकीला पडदा. माझं गॅरेज हायवेला, डिझेल गाड्यांचं. मी चौथी शिकलेला, ती सातवी. लेक मात्र कॉम्प्युटरची इंजिनिअर झाली. शेवटच्या वर्षाला त्यांना काहीतरी बनवून दाखवायचं असतं, तर हिनं आईसाठी प्रोग्राम बनवला आणि शिलाईमशीनशेजारी एक जुना कॉम्प्युटर मांडून त्यात तो बसवला. माप घेताना आईच्या हातात टेप असते, वहीत लिहायचं तर प्रत्येक वेळी ती खाली ठेवावी लागते. म्हणून हिरवं बटण दाबायचं आणि बोलायचं. खांदा चौदा, छाती छत्तीस, बाही कोपरापर्यंत. परत दाबलं की बंद. गिऱ्हाइकाच्या नावाखाली तो आवाज राहायचा, कापड कापताना पुन्हा ऐकायचा.

मी तेव्हा म्हणालो होतो, वहीला काय झालंय?

बायको म्हणाली, "वही माझं ऐकून लिहिते काय? तुमचं आपलं कायतरीच."

पुढं लेकीला ठाण्याला नोकरी लागली, प्रोग्राम चालत राहिला, आणि मी त्याच्याकडं कधी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बायकोचं दुखणं कळलं आणि पाच आठवड्यांत ती गेली. पोटात होतं. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलंत.

दिवस झाल्यावर तिच्या वस्तू द्यायच्या होत्या. कपडे दिले. शिलाईमशीन आणि कॉम्प्युटर कुडपणच्या एका बाईला द्यायचं ठरवलं. दोन वर्षं आमच्याकडं शिकायला यायची ती, हात चांगला होता तिचा. आता आमच्याकडं वस्तू दुसऱ्याला देताना तशीच देत नाहीत. टोप द्यायचा तर घासून देतात, पाळणा द्यायचा तर धुऊन देतात. आपलं काही त्याला चिकटलेलं राहू नये. मशीन मी पुसलं, तेल घातलं. कॉम्प्युटर कसा घासायचा ते मला माहीत नाही, म्हणून तो महाडला नेला. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत एक दुरुस्तीवाला बसतो, त्याला सांगितलं, आमचं काय काय आत असेल ते सगळं काढ, कोरा करून दे. लेकीनं फोनवर बजावलं होतं म्हणून आईचे आवाज आधी पेनड्राइव्हवर घेतले. तो पेनड्राइव्ह मी रुमालात बांधून देवांच्या फळीवर ठेवला. मला वाटलं, कॅसेटमध्ये गाणं असतं तसा त्यात आवाज आहे. कधीही लावावा.

चार महिन्यांनी लेक रजा काढून आली. तिनं पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून त्यातला पहिला आवाज उघडला. भाताच्या गिरणीचा पट्टा सुटल्यावर होतो तसला खरखराट आला. दुसरा आवाज लावला, तोच. तिसरा, तोच.

"आवाज दाबून बारीक करून ठेवलाय," ती म्हणाली. "आईच्या कॉम्प्युटरवर जागा कमी होती ना. तो उलगडणारा तुकडा आमच्या वर्गातल्या एकानं बनवलेला. आपला प्रोग्राम असला तरच उघडतो."

"मग प्रोग्राम लाव."

"प्रोग्राम आईच्या कॉम्प्युटरवर होता, बाबा."

मी तो रुमाल घडी करून परत फळीवर ठेवला. 

तिच्याकडं जुन्या ईमेलमध्ये प्रोग्रामचं लिखाण होतं. म्हणजे नकाशा होता, इंजिन नव्हतं. ते पुन्हा जोडायचं. जावा नावाच्या भाषेत ते लिहिलेलं, आणि जोडायची पद्धत अशी की प्रत्येक गोष्ट आपण घरी बनवत नाही. जोडताना लागणारे तयार तुकडे बाहेरून, इंटरनेटवरून येतात. प्लगइन म्हणतात त्यांना. एक प्लगइन आलं की ते सांगतं, मला अमुक पाहिजे. ते अमुक आलं की त्याला आणखी तमुक पाहिजे. हे मला चटकन कळलं. साधा पंप बदलायला घेतला तरी त्याच्याबरोबर गॅस्केट लागतं, पाइप लागतो, क्लिप लागते.

लेक बसली. सकाळी बसायची ती जेवायला हाक मारीपर्यंत. पडद्यावर लाल ओळी. नवी जावा जुनं प्लगइन घेईना. नवं प्लगइन आणलं तर त्याला खिडक्या-बटणांचा तुकडाही नवा पाहिजे, आणि तो नवा तुकडा आमच्या जुन्या लिखाणाला ओळखेना. एकाला खालच्या नंबरचं सामान पाहिजे, दुसऱ्याला त्याच सामानाचा वरचा नंबर, आणि दोघं एकाच घरात राहायला तयार नाहीत. आवाजाचा तुकडा बसवणारं प्लगइन तर मिळतच नव्हतं. ते कॉलेजच्या एका कॉम्प्युटरवर ठेवलेलं, तो कॉम्प्युटर कॉलेजनं कधीच बंद केला. बनवणारा परदेशात. त्याचं उत्तर आलं की माझ्याकडं आता काही नाही, वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं लॅपटॉपचं झाकण आपटलं. मी शेजारी शेंगा सोलत होतो.

"पोरी, तू काय करतेस ते बघतोय मी," मी म्हणालो. "नवा पार्ट घासून घासून जुन्या इंजिनाला बसवतेस. इकडनं बसवलास की तिकडनं तेल गळणार. तेव्हा ज्या नंबरचं बसवलं होतंस, त्याच नंबरचं बसव."

"तेच तर पाहिजे, बाबा. पण बाजारातच नाय ते."

"नवीन नाय मिळत तर उतरवलेलं शोध. भंगारातली जुनी गाडी कुठं हाय?"

तिनं झाकण परत उघडलं. मग म्हणाली, एकदा एका कॉम्प्युटरवर प्रोग्राम जोडला की आलेल्या प्रत्येक तुकड्याची एक प्रत तिथंच एका फोल्डरमध्ये राहते. पुन्हा पुन्हा आणायला लागू नये म्हणून. तिचा कॉलेजचा लॅपटॉप तर केव्हाच मोडीत गेला. पण एका दिवाळीत आई म्हणाली होती, बटणं बारीक आहेत, दिसत नाहीत. तेव्हा तिनं इथंच, आईच्या कॉम्प्युटरवर बसून बटणं मोठी केली होती. तिथंच जोडणीही केली होती.

"म्हणजे तुकडे त्यात होते," ती म्हणाली.

"होते."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं सगळं काढायला?"

"कुणी नाय. रीत हाय."

"रीत भांड्यांची असते, बाबा."

"मला काय म्हाईत हे भांडं नाय ते."

मी उठून शेंगांची टरफलं बाहेर टाकली. संध्याकाळी तिनं भाकरी टाकल्या, मी जेवलो. ताट उचलताना ती म्हणाली, उद्या कुडपणला जाऊन तरी येऊ. नसलंच काही तर मशीन कसं चाललंय ते बघून येऊ. मला जायचं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात बायकोचं मशीन चालताना बघायचं नव्हतं.

गेलो. वर डोंगरात जीपवाल्यानं अगदी दारात सोडलं. बाई ओसरीवरच मशीनला बसलेली. उठली, पाणी आणलं. कॉम्प्युटर आत फळीवर होता, वर झाकण आमच्याच घरच्या शिलाईतून उरलेल्या कापडाचं. ते कापड मी ओळखलं. 

लेक बसली. एक भाग उघडला, त्यात आमचं काही नव्हतं. मग तिनं विचारलं, "हा डी नावाचा भाग कशाला वापरतेस गो? ह्यात काय ठेवतेस?"

"त्याला मी हात नाय लावला, ताई. पहिल्या दिवशी उघडलं तर मावशीचं कायतरी दिसलं. म्हटलं, मावशीचं हाय, असू दे. माझं सगळं त्या पहिल्यात ठेवते."

म्हणजे दुरुस्तीवाल्यानं अर्धाच कॉम्प्युटर पुसला होता. आणि लेकीला आत्ता आठवलं की त्या दिवाळीत पहिल्या भागात जागाच उरली नव्हती, म्हणून तुकड्यांचं फोल्डर तिनंच दुसऱ्या भागात हलवलं होतं. तिनं ते उघडलं. नावांची लांबलचक यादी. तिनं तोंडावर हात ठेवला.

"हाय?" मी विचारलं.

"हाय. सगळं हाय."

मी कुडपणच्या बाईला म्हणालो, मी तर सगळं घासून दे म्हणून सांगितलं होतं त्याला.

ती म्हणाली, "मामा, तुमच्या गॅरेजात पण असंच अर्धं काम व्हायचं काय?" आणि हसली. तिथं मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

ते फोल्डर लॅपटॉपवर उतरवून घरी आलो. लेकीनं आधी जुन्या नंबरची जावा बसवली, मग तुकडे जागेवर ठेवले. तरी लाल ओळ. प्रत्येक तुकड्याजवळ एक चिठ्ठी असते, हा कुठून आणला याची. चिठ्ठीवरचा कॉलेजचा कॉम्प्युटर आता जगात नाही, म्हणून तुकडा समोर असून घेत नव्हतं. मला राग आला. वस्तू हातात आहे आणि पावती कुठल्या दुकानाची म्हणून अडून बसायचं. लेकीनं त्या चिठ्ठ्या एकेक करून काढून टाकल्या, इंटरनेट बंद केलं आणि म्हणाली, आता घरात आहे त्यातच जोड. ओळी सरसर वर गेल्या. शेवटची हिरवी आली.

प्रोग्राम उघडला. मोठी बटणं. गिऱ्हाइकांना ती नावानं कधी ठेवायची नाही, गावानं आणि खुणेनं ठेवायची. लेकीनं एकावर दाबलं.

"नाते गावची मास्तरीण. खांदा साडेतेरा. छाती चौतीस. गळा मागं खोल पायजे म्हणते. नवरा बदली होऊन घरी आलाय वाटतं."

खोलीत बसून बोलल्यासारखी. मागं मशीनची खटखट, आणि मी बाहेरून काहीतरी विचारतोय. काय ते कळत नाही. ती म्हणते, "आले ओ," आणि बंद.

लेक हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी म्हणालो, आणखी लाव. पोस्टातली बाई, तिचे दोन्ही खांदे सारखे नाहीत. कुडपणची लांबडी. बाजारातली, जी दर वेळी म्हणते घट्ट झालं आणि दर वेळी जाडी होऊन येते. तासभर ऐकलं. चहा गार झाला.

यादीत सगळ्यात वर एकच अक्षर होतं. मी.

"आईनं स्वतःचं पण ठेवलंय," लेक म्हणाली आणि दाबलं.

"छाती छत्तीस. कंबर एकतीस. लग्नाला नेसायचं हाय, बाही जरा लांब."

त्याच्याखाली दुसरं होतं. "चौतीस. जुनी तीन ब्लाऊजं उसवून आत घ्यायची." आवाज तोच, नेहमीचा. तिसरं. "साडेबत्तीस. परत आत." मग थोडा वेळ नुसती टेपची सळसळ. चौथं, "तीस. शिलाई काखेतून घ्यायची. बाहेरून दिसायला नको."

पाचवं नव्हतं. लेकीनं प्रत्येकाखालची तारीख वाचली. पहिल्या आणि चौथ्यात सात महिने होते. चौथं, आम्ही डॉक्टरकडं गेलो त्याच्या दोन महिने आधीचं.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला दिसलं नाय?"

मला काय दिसलं होतं ते सांगतो. एकदा ती पाणी भरून आली, मी तिच्याकडं बघून म्हणालो, बारीक झालीस गो, लग्नातल्यासारखी दिसतेस. चेष्टा केली. ती पण म्हणाली, मग करता काय परत लग्न? ब्लाऊज अंगाला नीट बसलेलं होतं. सैल असतं तर कदाचित विचारलं असतं. ते सैल दिसू नये याचीच तिनं काळजी घेतली होती. का, ते मला माहीत नाही. घाबरली असेल. किंवा मी म्हणेन, काही होत नाही तुला, असं वाटलं असेल. मी तसंच म्हणालो असतो.

मी जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या. लांबून येणारी गाडी नुसती ऐकून सांगायचो, हिचा नोझल गेलाय. घरात माणूस सात महिने झिजत होतं. ती पुन्हा पुन्हा टेप लावून बघत होती, आकडा मोठ्यानं बोलत होती, बाजूच्या खोलीत. मी बाहेर असेन. किंवा घरातच असेन आणि म्हटलं असेल, जरा गप बस.

"मला नाय दिसलं," मी लेकीला म्हणालो.

तिनं लॅपटॉप बंद केला नाही. माझ्याजवळ सरकून बसली, आणि आम्ही तसेच बसून राहिलो.