दुपारचा खेळ

"यात भुताचं काहीतरी काढा," दुबेजी म्हणाले. "घर खाली, बुढ्ढा अकेला, माग आपोआप चालतो. और क्या चाहिए?"

दुबेजी वितरक. म्हणजे निर्मात्याकडून पिक्चर घेऊन थिएटरांत लावणारा माणूस. मी ट्रेलर कापते. सदर भागात दोन खोल्यांचा माझा स्टुडिओ आहे. पिक्चर होता गजाननचा, दिग्दर्शक तोच. तो उमरेडचा, विणकरांच्या घरातला. बायको वारल्यावर एकटा राहिलेला विणकर तिच्यासाठी मागावर लावलेलं लुगडं पुरं करतो, एवढीच गोष्ट. म्हाताऱ्याचं काम गजाननच्या वडिलांनी केलं होतं, कारण माग चालवता येणारा नट मिळाला नाही. शूटिंग संपलं आणि थोड्याच दिवसांत ते गेले.

पिक्चर कोणत्या जातीचा, याला आमच्या धंद्यात जॉनर म्हणतात. हॉरर, कॉमेडी, फॅमिली, ॲक्शन. बाहेरच्यांना वाटतं ही नुसती लेबलं आहेत. पण थिएटरवाला त्यावरच खेळ ठरवतो. हॉररला कॉलेजची पोरं येतात, म्हणून संध्याकाळचे खेळ मिळतात. फॅमिली ड्रामा, त्यात नवखे कलाकार, म्हटलं की दुपारचा एक खेळ. ट्रेलर बघून माणसाला पहिल्या काही सेकंदांत कळलं पाहिजे, इथे हसायचं आहे की घाबरायचं.

दुबेजी वाईट माणूस नव्हते. त्यांना पिक्चर चालायला हवा होता. गजाननलाही हवा होता. तो नाखुशीनेच म्हणाला, "पाहा ताई, करून. पाहू."

मी कापायला बसले. घाबरवायला म्हाताऱ्याचा कॅमेऱ्याकडे रोखून बघणारा एक शॉट हवा होता. पिक्चरमध्ये तसा नव्हता. म्हणून मी रशेस, म्हणजे शूटिंगचं सगळं कच्चं फुटेज, काढलं. एका शॉटला 'कट' म्हटल्यावरही कॅमेरा चालू राहिलेला. म्हाताऱ्याने मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा थांबवला, मान वर केली आणि सरळ समोर पाहिलं. मी तो शॉट संथ केला. खाली घुमणारा आवाज टाकला. माझ्याच अंगावर काटा आला.

दोघांना बोलावून ट्रेलर दाखवला. दुबेजी खूश झाले. "हे झालं ना काम," म्हणाले. गजानन स्क्रीनकडेच बघत राहिला. मला वाटलं, वडिलांचं भूत केलं म्हणून चिडला असेल.

मग त्याने विचारलं, "हे कधीचं हाय?"

मी सांगितलं, कटनंतरचं आहे.

"मी पाहिलंच नाही हे. मले पुढच्या शॉटची घाई होती." माझ्याकडे वळून म्हणाला, "आवाज बंद करून लावा ना एकदा."

मी आवाज बंद करून लावलं. आता त्यात भीती राहिलीच नाही. एक म्हातारा कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या कोणाकडे तरी बघत होता. भुवया जरा वर. उत्तराची वाट बघत असावा तसा.

"बाबा पुसून राहिले मले," गजानन म्हणाला. "जमलं का म्हणून. अन् मी काहीच सांगतलं नाही."

दुबेजींनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसायला घेतला. मी पुन्हा लावलं, त्याने न सांगताच. तो स्क्रीनच्या इतका जवळ सरकला की त्याचा श्वास काचेवर दिसत होता.

शेवटी तो दुबेजींना म्हणाला, हॉरर नको. दुबेजींनी समजावलं, मग दुपारचाच खेळ मिळेल, तोही किती दिवस सांगता येत नाही. गजानन म्हणाला, चालेल. मला म्हणाला, "तो शॉट लोकायले नका दाखवू, ताई. मले मोबाइलवर टाकून द्या."

मी दुसरा ट्रेलर कापला, सरळ फॅमिलीचा. सीताबर्डीच्या थिएटरात पिक्चर लागला. मी गेले तेव्हा निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. आलेल्यांपैकी मध्यंतरात कोणी उठून गेलं नाही. आठवड्याने पिक्चर उतरला. हॉरर म्हणून लावला असता तर तीन आठवडे चालला असता, असं दुबेजी अजून म्हणतात. बरोबरही असेल.

नवीन दिग्दर्शक आला की मी आधी विचारते, पिक्चर कोणासाठी आहे? सगळ्यांसाठी, असं उत्तर आलं की ट्रेलर कापणं अवघड जातं. गजाननने एकाच माणसासाठी, वडिलांसाठी काढला होता. तेही अवघडच गेलं.