‘हां’ म्हणणारा बेस क्लास

लोणखेड्याच्या त्या घरात चेतनाला हाक मारायला कारण लागत नसे. मेथी निवडायची असो, सासऱ्यांच्या मोबाइलचा आवाज गेलेला असो, नाहीतर पपईचा व्यापारी दारात उभा असो, हाक एकच, "चेतना!" आणि चेतनाचं उत्तरही ठरलेलं, "हां!"

हे ‘हां’ तिनं माहेरून आणलं होतं. धानोऱ्याहून निघताना आई नानीबाईनं कानात सांगितलं होतं, "सासरले कोनी बी हाक मारी का पहिले हां म्हन. काम मंग दखी लेवानं." या पट्ट्यात मोठ्यांच्या हाकेला ‘नही’ म्हणायची रीतच नाही. ‘हां’ म्हटलं की हाक मारणाऱ्याचं समाधान होतं आणि तो आपल्या वाटेनं जातो. काम होतं की नाही, हे मागाहून कळतं.

चेतना धुळ्याला इंजिनिअरिंग शिकली, नाशिकच्या एका लहानशा कंपनीत लागली आणि लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या भाग्येशशी लग्न झाल्यावर घरूनच काम करायला लागली. सासूबाई शोभाबाई वाईट मुळीच नव्हत्या. फक्त दिवसभर खोलीत बसून कोणी काम करतं, हे त्यांना पटतच नसे. पोरगी घरात आहे म्हणजे मोकळी आहे, असा त्यांचा सरळ हिशेब. दार लोटलेलं असलं तर त्या बाहेरून हाक मारत, उघडं असलं तर आत येऊन.

कंपनीत चेतनाच्या नावावर जमा असलेली मोठी गोष्ट म्हणजे तिनं लिहिलेला बेस क्लास. मोबाइलच्या पडद्यावर आपण बोट ठेवतो, तेव्हा कोणत्या बटणानं काय करायचं, हे सांगणारा एक तुकडा प्रत्येक बटणामागे असतो. त्याला हँडलर म्हणतात. या सगळ्या हँडलरांची आई म्हणजे बेस क्लास. ज्या हँडलरला एखाद्या स्पर्शाबद्दल स्वतःचं काही सांगायचं नसेल, त्याच्या वतीनं आई उत्तर देते. उत्तरं दोनच. ‘हां, मी पाहिलं’, म्हणजे स्पर्श तिथंच संपला. किंवा ‘हे माझं नाही’, म्हणजे स्पर्श मागच्या हँडलरकडे जातो.

कंपनी तळोद्याच्या एका संस्थेसाठी ॲप बनवत होती. सातपुड्यातल्या पाड्यावर कोणी आजारी पडलं तर ‘जीप’ या बटणावर बोट ठेवायचं, की जवळच्या जीपवाल्याच्या फोनवर हॉर्न वाजायचा. वाचता न येणाऱ्यांसाठी बटणावर ‘जीप’ या अक्षरांच्या वर जीपचा फोटो होता. फोटो दाबून धरला की तिथल्या पावरी बोलीत त्याचा अर्थ ऐकू यायचा. तो आवाज जीपवाल्या मगन पावराच्या बायकोचा, धनुबाईचा. सगळं छान होतं, फक्त जीप येत नव्हती.

सकाळी सोनमचा फोन आला. ही चेतनाची वरिष्ठ, नाशिकला बसायची. "आज चारला संस्थेची माणसं मगनसोबत शेवटचं बघणार आहेत," ती म्हणाली. "आजही बटण चाललं नाही तर ते काम दुसऱ्याला देणार. आणि साहेब म्हणतात, मग घरून काम करणाऱ्यांनी नाशिकला यायचं. तुला जमणार आहे का?"

नाशिकला जाणं जमणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. म्हणजे नोकरीच जाणार. मग उरणार फक्त हाका. तरी चेतनाच्या तोंडातून सवयीनं आलंच, "हां, करते मी."

चाचणीसाठी जीपवाल्याचा म्हणून ठेवलेला दुसरा फोन जवळ घेऊन तिनं आपल्या फोनवर बटण दाबलं. हॉर्न वाजला. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजला. आपल्याकडे चालतं आणि तळोद्यात चालत नाही, याच्याइतकं डोकं फिरवणारं दुसरं काही नसतं. ती दुपारपर्यंत ओळीमागून ओळी वाचत बसली.

"चेतना! वत्सलामावशी उनी शे. चहा ठेव!"

"हां, आत्या!"

सासूला ती आत्या म्हणत असे. ती उठली, चहाचं आधण ठेवलं आणि पाच मिनिटांत येते म्हणून परत खोलीत आली. दहावी ओळ वाचते न वाचते तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "चेतना! गॅस सरी गया वं! तू सिलिंडर सांगं नही का? तू तं हां म्हनेल व्हती!"

म्हटलं होतं. सिलिंडरला हां म्हटलं होतं, मामेसासूच्या ब्लाउजला हां म्हटलं होतं, गच्चीवरच्या मिरच्या उलटायलाही हां म्हटलं होतं. यातलं एकही झालं नव्हतं. आणि ती करणार म्हणून दुसरं कोणी त्याला हातही लावला नव्हता. चेतनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही काय पद्धत झाली? एवढ्या मोठ्या घरात सिलिंडरचा फोन करायला एकच अंगठा आहे का? पण हे सगळं मनातल्या मनात. तोंडानं ती म्हणाली, "हां आत्या, दखस मी." आणि खोलीत येऊन दार जरा जोरातच लोटलं.

मग तिनं वैतागून मगनलाच फोन लावला. "मगनभाऊ, तुम्ही दाबतस कोठे? नक्की कोठे बोट ठेवतस?"

"जीपना फोटोवर ताई," मगन म्हणाला. "जीप पाहिजे तं जीपवरच दाबसू ना. दुसरं कोठे दाबसू?"

चेतनानं आपला फोन पाहिला. ती रोज फोटोखालच्या अक्षरांवर बोट ठेवत आली होती. वाचता येणारी बाई अक्षरांवरच बोट ठेवणार. आता तिनं फोटोवर ठेवलं. काहीच झालं नाही. दुसरा फोन गप्प.

कारण कळायला वेळ लागला नाही. बटणावर बसवलेल्या फोटोला स्वतःचा हँडलर होता आणि त्याला फक्त दाबून धरण्यापुरतं काम होतं. साध्या स्पर्शाशी त्याचं देणंघेणं नव्हतं, म्हणून उत्तर बेस क्लास देत होता. आणि बेस क्लासचं उत्तर काय? ‘हां, मी पाहिलं.’ पाहिलं काहीच नव्हतं, पण स्पर्श तिथंच संपला. मागं बसलेल्या खऱ्या बटणाला, कुणी हाक मारली होती, याचा पत्ताच नाही.

ती ओळ तिनंच लिहिली होती. लिहितानाचा दिवसही तिला आठवला. कुणीच उत्तर दिलं नाही की ॲप कुरकुरत होतं. तिनं सगळ्यांच्या वतीनं ‘हां’ लिहून टाकलं आणि सगळं कसं शांत झालं होतं. चेतना त्या एका शब्दाकडे बघत राहिली. तिला लाज वाटली आणि त्याहून जास्त संताप आला.

तिनं ‘हां’ खोडून ‘हे माझं नाही’ असं केलं. एका शब्दाचा बदल, पण त्या बेस क्लासवर अख्खं ॲप उभं होतं. प्रत्येक पडदा पुन्हा तपासून, नवं ॲप बांधून तळोद्याला पाठवायचं होतं. घड्याळ चारकडे सरकत होतं.

"चेतना!" दार उघडून शोभाबाई आत आल्या. "शेजारथून सिलिंडर आनी दे वं. वत्सला कव्हानी बठी ऱ्हायनी."

‘हां’ जिभेच्या टोकावर आलं. चेतनानं ते गिळलं.

"आत्या, माले जमाव नही. आते मी उठाव नही."

आता शोभाबाई घर डोक्यावर घेतील, असं चेतनाला वाटलं. त्यांनी घेतलंही, पण भलत्याच कारणासाठी.

"मंग पहिलेच सांगनं व्हतं ना! तू हां म्हनस आनि मी वाट दखत बठस! नही म्हनती तं दुसराले सांगी टाकती मी!" आणि त्या अंगणात, कॉलेजातून नुकत्याच आलेल्या लेकाकडे वळून ओरडल्या, "भाग्येश! शेजारथून सिलिंडर आन!"

"हां, आनस," बाहेरून भाग्येशचा आवाज आला. आणि तो खरंच गेला.

चारला तळोद्यात संस्थेच्या माणसांसमोर मगननं धनुबाईच्या फोनवर जीपच्या फोटोला बोट लावलं. त्याच्या खिशातल्या फोनवर हॉर्न वाजला. तो चालू कॉलवरून नाशिकला सोनमला ऐकू गेला आणि तिथून लोणखेड्याला चेतनाला. सोनम आनंदानं काहीतरी बोलत होती.

चेतनाचं तिकडे लक्ष नव्हतं. नोकरी वाचली होती आणि चहा तिच्याशिवाय झाला होता, तरी तिला हसू येईना. तिला राग येत होता. ‘नही’ एवढंच म्हणायचं होतं, तर इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही? बाहेर शोभाबाई वत्सलाबाईंना सांगत होत्या, "तिले इचारी ले. आते जमत नही तं सांगस ती."