काळ्या फोटोतला अकरावा फेटा

माझ्या लग्नात दिगंबरकाकांना फेटा बांधला होता की नव्हता, यावर आमच्या घरात नऊ वर्षं दोन पक्ष होते. ‘बांधला’ या पक्षात आमचे आबा, म्हणजे माझे वडील, ‘नाही बांधला’ या पक्षात स्वतः काका. तेव्हापासून काका कंधारहून नांदेडला आले तरी गेटबाहेर गाडीवर बसूनच चहा प्यायचे. आता माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. सख्खा भाऊ येत नाही म्हटल्यावर आबांच्या घशाखाली घास उतरेना.

अशात मला पेनड्राइव्हवर लग्नातला शेवटचा ग्रुप फोटो सापडला. जेवणं उरकल्यावर तो काढताना नेमकी लाईट गेली होती, म्हणून फोटो तव्यासारखा काळा! पण मी नुकताच फोटो एडिटिंग शिकलो होतो (म्हणजे दोन व्हिडिओ पाहिले होते). त्यात हिस्टोग्राम नावाचा एक डोंगर दिसतो. डावीकडे फोटोतला अंधार, उजवीकडे उजेड. आमचा अख्खा डोंगर डाव्या भिंतीला चिकटलेला. त्या अंधारात काय काय असेल, या विचारानं मला राहवेना. मी काकांना बोलावून घेतलं.

काका आले (गेटपर्यंत). मी लॅपटॉप कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. आबा आणि बायकोही अंगणात आले.

“काय करून राहिला तू?”

“अंधार काढतोय, काका.”

डोंगराखाली सरकवायच्या खुणा असतात, त्यातली उजेडाची मी डावीकडे डोंगरापर्यंत ओढली. आधी हार दिसले, मग दात, मग माणसं. आणखी ओढली. तिसऱ्या खुर्चीवर काका, डोकं उघडं!

आबा पायरीवर बसले. “दिगू, मी अकरा आणले होते रे. तू पंगतीत वाढत होता म्हणून तुझा पिशवीत ठेवायला सांगितला. मागून पाहिलं तर पिशवी रिकामी. मला वाटलं, बांधला कुणीतरी.”

काकांनी स्क्रीनवर बोट टेकवून मोजलं. “डोस्क्यावर दहाच हायत.”

शहाण्या माणसानं इथं लॅपटॉप मिटला असता. पण अकरावा गेला कुठं, हे मला कळायलाच हवं होतं! मी मधली खूणही सरकवली. रंग उमटले. सगळे फेटे गुलाबी.

“अहो,” बायको वाकून म्हणाली, “तुमच्या कमरेला गुलाबी काय हाय?”

तेव्हा मला आठवलं. पंगतीतून उठताना माझ्या सलवारीची नाडी तुटली होती. खिळ्याला लटकलेल्या पिशवीत हात घालून जे कापड लागलं, ते मी कमरेला आवळलं होतं. आणि नऊ वर्षं मीच दोघांची समजूत घालत होतो! लाजेनं मान वर होईना.

काकांनी गेट उघडलं आणि आत येऊन आबांच्या शेजारी पायरीवर बसले.

“भाऊ, तुझं काय चुकलं न्हाई,” ते म्हणाले. आबांचे डोळे भरून आले. खरं सांगतो, माझेही.

बहिणीच्या लग्नात पहिला फेटा काकांना बांधला. तो सावरत ते पाहुण्यांना माझी ओळख करून देत होते, “हा आमचा पुतण्या. कॉम्प्युटरवर चोर पकडतो. आतापर्यंत एकच सापडलाय, पण लई जवळचा हाय.”