न दिसणाऱ्या पानाचा पंचनामा

माझे वडील शिवाजीनगरच्या कोर्टात बेलीफ होते. कोर्टाचा कागद ज्याच्या नावाचा आहे त्याच्या हातात नेऊन देणं, एवढंच काम. ऐकायला पोस्टमनसारखं वाटतं, पण पोस्टमनची लोक वाट बघतात. बाबांना गल्लीच्या तोंडाशी पाहिलं की लोक मागच्या दाराने निघून जायचे. साहेब गावाला गेलेत असं सांगणाऱ्या बाईंच्या पायाशी साहेबांच्या चपला असायच्या. बाबा त्या चपलांकडे बघत म्हणायचे, येतील तोवर बसतो. आणि खरंच बसायचे. माणूस सापडलाच नाही तर कागद दाराला डकवायचा, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि अहवाल लिहायचा: बजावणी झाली. ते निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण अजूनही कोणी दार उघडायला वेळ लावला की त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे जातो.

मी खराडीत नोकरी करते. सहकारनगरहून तिथे पोचायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात माणूस लोणावळ्याला जाऊन चहा पिऊ शकेल. ऑफिस पाचव्या मजल्यावर आहे आणि दारावर पाटी नाही. परदेशातल्या काही वेबसाइटींना निरनिराळ्या देशांची सरकारं आणि कोर्टं जे आदेश पाठवतात, ते आमच्याकडे येतात. हे काढा, ते लपवा, हे लिहिणाऱ्याचं नाव कळवा. वेबसाइट ज्या देशातली, तिथल्या कायद्याने त्या मजकुरात वावगं काही नसतं. आदेश ज्या देशातला, तिथे तो गुन्हा असतो. या दोघांच्या मध्ये, हेडफोन लावून, मी बसलेली असते.

सरकारांचे स्वभाव हळूहळू कळत जातात. एक सरकार दर सोमवारी यादी पाठवतं आणि शेवटी आभार मानतं. दुसरं थेट धमकीनेच सुरुवात करतं, की चोवीस तासांत काढा, नाहीतर तुमची अख्खी साइट आमच्या देशात बंद. आपल्याकडचे आदेश लांबलचक असतात. दोन पानं नुसतं ज्याअर्थी आणि ज्याअर्थी, आणि त्याअर्थी यायला तिसरं पान उजाडतं. मला ते वाचायला आवडायचे, कारण ती भाषा मी घरी ऐकत वाढले होते.

उत्तरं तीनच. एक, नकार. दोन, मजकूर सगळ्या जगातून काढा. तीन, मजकूर त्या देशापुरता लपवा. बहुतेक वेळा आम्ही तिसरं निवडतो. त्या देशात बसून शोधलं तर पान सापडत नाही. सीमा ओलांडली की ते होतं तिथे असतं. सरकारचा मान राहतो, वेबसाइटला काही सोडावं लागत नाही. मला हा तोडगा समंजस वाटायचा. घरी याबद्दल बोलायची मुभा नव्हती, तसं लिहून दिलं होतं. बाबांना इतकंच ठाऊक होतं की मुलगी परदेशातली पत्रं वाचते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बुकबाइंडर राहतात. बुधवार पेठेत त्यांचं आजोबांच्या वेळचं दुकान आहे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांची मुलगी नर्स. ती ज्या हॉस्पिटलात होती तिथे एका आजींची सोन्याची पाटली हरवली, आणि आजींच्या पुतण्याने या मुलीचं नाव, फोटो आणि चोर हा शब्द एका परदेशी वेबसाइटवर टाकला. कोणाचीही तक्रार कोणीही लिहावी, अशी ती साइट. चार दिवसांनी पाटली आजींच्याच बटव्यात सापडली. हॉस्पिटलने तसं लेखी दिलं, पुतण्याने घरी येऊन हात जोडले. पण त्या साइटवर लिहिलेली तक्रार लिहिणाऱ्यालाही मागे घेता येत नाही. तो त्यांचा नियम आहे, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

एरवी चार लोक कुजबुजले असते आणि विसरले असते. पण या मुलीने दीड वर्ष जर्मन शिकून परीक्षा दिली होती, आणि तिकडच्या एका हॉस्पिटलने तिची मुलाखत ठरवली होती. तिचं नाव टाइप केलं की सगळ्यात आधी ते पान यायचं. पान गेलं नाही तर जर्मनी गेली, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

चाचांनी वकील केला, कोर्टाने हुकूम दिला: सदर मजकूर काढून टाकावा. वकील म्हणाले, हुकूम मिळाला, आता तो पोचवायचा कसा ते बघा. तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. मला ते उठणं आठवतं, कारण गुडघे दुखायला लागल्यापासून ते असे उठलेच नव्हते.

साइटच्या तळाशी एक परदेशी पत्ता होता. बाबांनी त्यावर रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, हुकमाची प्रत पाठवली आणि पोचपावतीची वाट बघत बसले. पाकीटच परत आलं. त्या पत्त्यावर असं कोणी राहत नाही, असा त्यावर शिक्का होता. बाबांना त्याचं दुःख झालं नाही, उलट ओळख पटली. म्हणाले, साहेब गावाला गेलेत. मग त्यांनी हुकूम स्कॅन केला, वर स्वतःच्या अक्षरात एक पत्र जोडलं आणि साइटच्या ईमेलवर पाठवायला चाचांच्या मुलीला सांगितलं.

ती साइटही आमच्याच ऑफिसकडे होती. ते पत्र मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, माझ्या पडद्यावर आलं. बाबांचं उजवीकडे झुकलेलं अक्षर होतं. सोबतच्या आदेशाची नोंद घेऊन बजावणी स्वीकारावी, ही नम्र विनंती. मला हसू आलं. ओळखीच्या माणसाचं प्रकरण आलं तर ते दुसऱ्याकडे द्यायचं, असा आमच्याकडे नियम आहे. मी दिलं नाही. मी तिसरं उत्तर निवडलं, भारत लिहिलं आणि पुढच्या आदेशाकडे वळले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सगळ्या जगातून काढायचं तर कारण लिहून वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते. कारण लिहिलं असतं तर ही मुलगी माझ्या ओळखीची आहे हे उघड झालं असतं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते तितकंसं खरं नाही. रोज जे करते तेच हात करून गेला, आणि डोक्याने त्याला थांबवलं नाही.

संध्याकाळी घरी आले तर आमच्या दिवाणखान्यात सोसायटी जमली होती. ईमेलला उत्तर आलं होतं की संबंधित कार्यक्षेत्रात योग्य ती कारवाई केली आहे. बाबांनी हयातभर कार्यक्षेत्र हा शब्द प्रत्येक कागदावर वाचला होता, त्यामुळे त्यांना त्यात नवल वाटलं नाही. मात्र त्यांचा नुसत्या शब्दावर विश्वास नव्हता. त्यांनी पाच घरांतून पाच फोन मागवले. प्रत्येकावर मुलीचं नाव टाइप केलं. पान कुठेच सापडेना. मग त्यांनी कागद घेतला आणि पंचनामा लिहिला: आम्ही खाली सही करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, आज रोजी आपापल्या मोबाइलवर शोध घेतला असता सदर मजकूर कोठेही आढळून आला नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सही केली, गिरणीवाल्यांनी पीठ झटकून सही केली. चाचांनी बेकरीतून नानकटाई आणली होती.

इंटरनेटचा पंचनामा करणारा माणूस जगात दुसरा नसेल. मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की त्या कागदात काय चूक आहे हे सांगायला जीभ रेटेना. पाचही फोन सहकारनगरातले होते. दार बाहेरून उघडं आहे का हे बघायला पाच माणसं घराच्या आतच फिरत होती.

मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, गेलं ना खरंच? तुम्हाला कळतं यातलं."

मी म्हटलं, "पाच जणांनी पाहिलंय की."

खोटं नव्हतं ते. पण ते उत्तरही नव्हतं.

मुलाखत पुढच्या आठवड्यात दुपारी, व्हिडिओवर झाली. झाल्यावर ती वर आली. रडत नव्हती. बाबांसमोर बसून तिने शांतपणे सांगितलं. मुलाखत छान चालली होती. शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का. तिला वाटलं, आपण होऊन सांगितलेलं बरं. तिने सांगितलं की माझ्याविरुद्ध एक खोटी तक्रार होती, कोर्टाने ती काढायला लावली, आता ती कुठेही नाही. समोरच्या बाईंनी ऐकता ऐकता तिचं नाव टाइप केलं आणि आपला पडदा तिला दाखवला. तिचा फोटो होता, आणि खाली चोर हा शब्द होता. बाईंनी मुलाखत तिथेच संपवली. त्यांनी आभार मानले.

आधी तिच्यावर चोरीचा आळ होता. आता ती त्यांच्यासमोर खोटं बोललेली ठरली होती, आणि त्या खोट्याखाली आमच्या पंचांच्या सह्या होत्या.

बाबा म्हणाले, असं होऊच शकत नाही, पंचांनी पाहिलंय. त्यांनी फोन उघडला, पान पुन्हा शोधलं, नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. साइट, ऑफिस, तीन उत्तरं, मंगळवारची दुपार, सगळं. लिहून दिलेला शब्द मोडला तेव्हा नोकरीची भीती वाटेल असं मला वाटलं होतं. वाटली नाही, फक्त शरम वाटली.

बाबांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्यात काही जण होते. टपरीवर बसून चहा प्यायचे आणि तिथेच लिहायचे, दार बंद होतं, कागद डकवला. कागदावर चूक काढता यायची नाही. मी त्यांच्याबरोबर कधी चहा प्यायलो नाही."

मुलगी खाली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी ते प्रकरण पुन्हा उघडलं, कारण लिहिलं, ओळख आहे हेही लिहिलं, आणि मजकूर सगळ्या जगातून काढावा अशी मागणी वर पाठवली. ओळखीबद्दल समज मिळाली. मागणी नाकारली गेली. एका देशाच्या कोर्टाने साऱ्या जगाला काय दिसावं ते ठरवू नये. आज हे मान्य केलं तर उद्या प्रत्येक सरकार हेच मागेल.

यातला वाईट भाग असा की मला ते पटतं. त्याच्या काही महिने आधी एका सरकारने एका शिक्षकाचा फोटो जगभरातून काढायला सांगितलं होतं. तो त्या देशाच्या मंत्रालयासमोर पाटी धरून एकटा उभा होता. तेव्हा नकार मीच लिहिला होता, आणि त्या दिवशी घरी येताना बसमध्ये उभं राहूनही छान वाटलं होतं. त्या माणसाला ज्या नियमाने वाचवलं, त्याच नियमाने या मुलीचा फोटो जर्मनीत टांगून ठेवला. नियम बदलावा असं मी आजही म्हणू शकत नाही. बदलला नाही याचा रागही जात नाही.

निर्णय वरिष्ठांचा, पण उत्तर ज्याच्या यादीत प्रकरण त्याने लिहायचं. मी ते लिहिलं. संध्याकाळी त्याची छापील प्रत बाबांपुढे ठेवली. खाली नेऊन द्या, असं मी म्हटलं नव्हतं, पण त्यांना ते कळलं. त्यांनी चष्मा काढला.

"हा मी नेणार नाही. तू जा."

चाचा दुकानातून यायचे होते. दार उघडं होतं, ती टेबलाशी वही घेऊन बसली होती. जर्मनीतल्याच दुसऱ्या शहरातल्या एका हॉस्पिटलसाठी अर्ज लिहीत होती, आणि यावेळी त्या पानाचा पत्ता तिने स्वतःच पहिल्या ओळीत घातला होता, पाटली सापडल्याच्या जुन्या हॉस्पिटलच्या पत्रासकट. मी तिला कागद दिला. तिने उठून तो उभ्यानेच, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग पाठीमागे काही आहे का ते उलटून पाहिलं.

"हे कोणी लिहिलंय, ताई?"

"मी."

"मग खाली नाव का नाही?"

मी सांगितलं की नाव घालायची पद्धत नाही. तिने मान हलवली, कागदाची नीट घडी करून फाइलमध्ये ठेवला आणि पुन्हा लिहायला बसली. त्या घरात मी शाळेत असल्यापासून जाते आहे. मला कोणी बसा म्हटलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.