निकोलासाने मिटलेले पान

ला कार्पिओ वस्तीतल्या आमच्या निकोलासाने जन्मभर दुसऱ्यांचेच कपडे इस्त्री केले; पण त्या संध्याकाळी ती स्वतःचा निळा फ्रॉक इस्त्री करीत होती आणि गुणगुणत होती. सकाळी तिला भाचीच्या कचेरीत बोलावणे होते.

भाची आर्लेन. आई गेली तेव्हा कडेवरची. निकोलासाने तिला उराशी धरले, आजोळी ठेवले, निकाराग्वा सोडून शेजारच्या देशातले सान होसे शहर गाठले, फरशा पुसल्या. आणि त्या पुसलेल्या फरशांवरूनच चालत आर्लेन विद्यापीठात पोचली. आता तीही इथे आली होती, देशोदेशी तरुणांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत इंटर्न म्हणून; काम पसंत पडले तर तिथेच पक्की नोकरी मिळायची होती. राहायची मावशीच्याच खोलीत. कचेरीत मात्र पहिल्याच दिवशी सांगून बसली की आपण कॉफीच्या मळेवाल्यांची मुलगी. खोटे एकटे कधी राहत नाही, बाबांनो, ते आपले गोत जमवते. मळ्यामागून बंगला आला, बंगल्यामागून मोलकरणी आल्या.

त्या संस्थेत जिवंत ग्रंथालय भरायचे. माणसे हीच पुस्तके. पुस्तकाने खुर्चीवर बसून आपले आयुष्य सांगायचे, मुलांनी वाटेल ते विचारायचे. आणि एखादा प्रश्न नको असेल तर पुस्तकाने एवढेच म्हणायचे, हे पान बंद. संचालिका मार्गोतबाईंना या खेपेला निकाराग्वाची एक मोलकरीण हवी होती. पाद्रीबाबांनी नाव दिले निकोलासाचे.

आर्लेन इस्त्रीपाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, उद्या तिथे मी तुझी कोणी आहे असं दाखवू नकोस."

इस्त्री थांबली. "मग हाक काय मारू?"

"मॅडम म्हण."

"बरं. इतक्या घरी म्हटलं, आणखी एकीला म्हणीन," असे म्हणून निकोलासाने कॉलर उलटली. गुणगुणणे तेवढे थांबले.

सकाळी ती खुर्चीवर बसली आणि बोलू लागली. बस कशी चुकते, मालकिणीचे कुत्रे आपल्याआधी कसे जेवते, हे तिने असे रंगवले की मुले हसून लोळली. मग पनामाच्या एका मुलीने विचारले, इथे तुमचे कोण आहे?

"कोणी नाही गं. एकटा जीव."

दाराशी पाण्याचे पेले मांडणाऱ्या आर्लेनच्या कानी ते पडले. शुभवर्तमानातल्या पेत्राने आपल्या गुरूला ओळखत नाही म्हणून नाकारले तेव्हा निदान कोंबडा तरी आरवला. इथे काही आरवले नाही. पंखा फिरत राहिला. नाकारले होते आर्लेनने, पण त्या नाकारण्याचे ओझे माउलीने आपल्या जिभेवर घेतले होते, तेही हसत. आर्लेनने हातातला पेला खाली ठेवला. ती पुढे आली आणि म्हणाली, "ही माझी सख्खी मावशी आहे. मी हिच्याच खोलीत राहते."

सगळ्यांच्या माना आर्लेनकडे वळल्या. त्या नजरांत निकोलासाने भाचीची जाणारी नोकरी पाहिली, आणि ती हसली. "मॅडमचं मन मोठं आहे. मला परकं वाटू नये म्हणून बोलतात."

आणि टाळ्या पडल्या. मार्गोतबाईंनी डोळे टिपले. अशीच माणसे आपल्याला कायमची हवीत, असे त्या शेजारणीला म्हणाल्या. शिव्या पडल्या असत्या तर त्या सोसवल्या असत्या. त्या टाळ्या आर्लेनच्या अंगावर निखाऱ्यासारख्या पडत होत्या.

ती खुर्चीसमोर जमिनीवर बसली. ऐकणाऱ्याला वाटेल ते विचारता येते. "मावशी, मला मॅडम म्हणायला तुला कोणी सांगितलं?"

निकोलासाने हात मांडीवर घट्ट धरले. "हे पान बंद."

"मग मीच उघडते," आर्लेन म्हणाली. आणि मळा, बंगला, मोलकरणी, सारे तिने एकेक करून खाली ठेवले. जसल्या मळ्याचा तोरा मिरवला, तसल्याच मळ्यात गावाकडे मावशी मजुरीने कॉफी तोडायची, हेही सांगितले. मार्गोतबाईंचा रुमाल पर्समध्ये गेला.

"मूर्ख कार्टे," निकोलासा ओरडली, "एवढी हातात आलेली नोकरी घालवलीस. तुला यासाठी शिकवली का मी?"

परक्या मॅडमला असे कोणी बोलत नाही. आता कोणाला पुरावा नको होता.

ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. आर्लेन हल्ली आमच्या चर्चमधल्या मुलांना घेऊन बसते, आणि गोड बोलते. झाले गेले, असे निकोलासा म्हणते; तिच्या मनात खरोखरच काही उरलेले नाही. पण प्रार्थनेला जायच्या दिवशी ती निळा फ्रॉक काढू लागली की आर्लेन तो तिच्या हातातून घेते, खाली मान घालून इस्त्री करते, आणि कॉलरपाशी तिचा हात अजून थांबतो.