उघड्या हातानं नायट्रोजन

"तुला कशाला पाहिजेत हातमोजे? ऊसतोड्याची पोरगी तू. तुमच्या हाताला काय होतंय?"

माझे गाईड सर सगळ्यांसमोर बोलले. परभणीतल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये. पोरं हसली. हातमोज्यांचा एकच जोड होता. तो सरांनी आमच्यातल्या एका डॉक्टरांच्या मुलाला दिला. तो नुसता बघणार होता. लिक्विड नायट्रोजन ओतणार मी होते.

मी कापसाच्या पऱ्हाट्यांचा कोळसा करून त्यावर पीएचडी करतेय. पाणी शुद्ध करायला. कोळशाला डोळ्याला न दिसणारी भोकं असतात. ती मोजायची तर कोळसा भरलेली नळी लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवायची आणि आत नायट्रोजन वायू सोडायचा. किती वायू कोळशाला चिकटला, त्यावरून आतली जागा कळते.

ते लिक्विड भयंकर गार. उघड्या हाताला लागलं तर भाजल्यासारखं होतं. मी ओढणी हाताला गुंडाळली, नरसाळं धरलं. ओततानाच लिक्विड ओढणीत मुरलं. बोटं आखडली. ओढणी सोडवली तर खालची कातडी पांढरीफटक. मग टरारून फोड आले. मी ओरडले न्हाई. ओरडले तर पीएचडीतून काढून टाकतील, याची भीती जास्त होती.

वालूरला घरी गेले. आईनं बोटांवर फुंकर घातली. म्हणाली, "सरला काई बोलू नको बाई. आमी बी मुकादमाला कदी बोललो न्हाई."

मी तिच्या हाताकडं बघितलं. एक बोट अर्धंच. उसाच्या फडात कोयत्यानं गेलेलं. त्या दिवशीबी ती फडकं बांधून मोळ्या बांधत राहिली होती. आमच्यात भ्यायचंसुद्धा आईकडून लेकीकडं येतं. लय राग आला. तिचा न्हाई.

पुढच्या वेळी सरांनी नायट्रोजनचं भांडं परत माझ्याकडं सरकवलं.  

"हातमोजे द्या सर. उघड्या हातानं मी ओतणार न्हाई."

 डॉक्टरांचा मुलगा खाली बघत राहिला.

"मग राहू दे तुझा कोळसा. पीएचडी कशी होते, बघतो मी."

मी भांड्याला हात लावला न्हाई. बाहेर येऊन जिन्यात बसले.  मग उठले आणि प्राचार्यांकडं तक्रार दिली.

माझं मोजमाप अजून अडलेलंय. सही सरांचीच लागते. त्यांचा फोन आला की लगेच उचलायचा धीर होत न्हाई. भीती गेली न्हाई. ती जायची वाट बघत बसले, तर आईच्या वयाची होईन.

म्हणून भीतच बोलणार. पण बोलणार.