सतरा घरांचा गोग्रास

बाळाजी राजापूरकडचा. बहारीनमध्ये सनद गावाच्या पलीकडे ताहिर नावाच्या मालकाच्या बागेत तो गुरं सांभाळायचा. अकरा गोऱ्हे आणि एक तांबडी गाय, सगळी मांसासाठी आणलेली. कुंपणातलं गवत पाणी देऊन वाढवलेलं, पण उन्हाळ्यात ते तारेसारखं व्हायचं. गुरं दिवसभर चरायची आणि फासळ्या तशाच दिसायच्या. बाळाजीनं दोन वर्षं नुसतं बघून बघून त्यांचं खाणं बसवलं होतं. लसूणघास कापून एक दिवस सुकवायचा, मगच द्यायचा. कोंडा रोज मूठमूठ वाढवत न्यायचा. सावलीत मिठाचा खडा ठेवायचा.

"गवतानं पोट भरतं भाऊ, अंग भरत नाय," तो म्हणायचा. अंग कशासाठी भरायचं, हे आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

मी अदलियात ड्राफ्ट्समन होतो, राहायला माहूजमध्ये. एक्याऐंशीच्या पितृपंधरवड्यात मी मेधाला, माझ्या बायकोला, सहज बोलून गेलो की बाळाजीकडे गाय आहे. इथे गोग्रास द्यायला गाय कुठे मिळणार म्हणून आमच्या इमारतीतल्या सगळ्या मराठी बायका हळहळत होत्याच. सर्वपित्रीला माझ्या गाडीत सतरा घरांची पानं आली. भात, वडे, खीर. मला कुणाला नाही म्हणता येत नाही.

बाळाजी बघतच राहिला. "एवढा सगळा? हिच्या एकटीच्या पोटात?"

"थोडं गोऱ्ह्यांना घाल की."

"गाईचा घास गोऱ्ह्याला? आणि वहिनींनी विचारलं तर तुम्ही सांगणार काय?"

मी डब्यांतून पानं काढू लागलो. त्यानं हात जोडले आणि एकेक पान गाईपुढे ठेवत गेला. तिनं शेवटचं पान चाटूनपुसून साफ केलं. "पितर तृप्त," मी म्हणालो. मोठ्या समाधानानं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटी संपल्यावर कालचे रिकामे डबे आणायला गेलो. गाईची डावी कूस ढोलासारखी ताणलेली, रवंथ बंद, पाय लटपटत होते. बाळाजी तिच्या मानेखाली खांदा देऊन उभा.

"मूठमूठ कोंडा वाढवणारा मी, भाऊ. आणि एका दिवसात घमेलंभर भात घातला. मला कळू नये?"

"डॉक्टर?"

"मालक येतोय, तो बोलवील तर. ही मेली तर माझा विसा खलास. खायचा सोडा आणा. असेल तेवढा."

मी माहूजला गाडी पळवली. मेधानं दार वाजवत वाजवत जिन्यातली सगळी स्वयंपाकघरं रिकामी केली. काल ज्या घरांतून पानं आली, त्याच घरांतून आज सोड्याच्या पुड्या आल्या. कुणी म्हणालं, "एवढा सोडा? भजी कुणाकडे आहेत?" मला हसता आलं नाही.

बाळाजीनं सोडा पाण्यात कालवला, बाटलीनं हळूहळू पाजला आणि तिला चालवू लागला. तेवढ्यात ताहिर आला.

"क्या खिलाया?"

"चावल."

"किसने दिया?"

मी तिथंच होतो, हातात रिकाम्या पुड्या घेऊन.

"मैंने," बाळाजी म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही.

"यल्ला, चलाओ इसको. ये गई तो तुम भी गया."

ऊन उतरेपर्यंत बाळाजी आणि गाय कुंपणाच्या कडेनं फिरत राहिले. मग गाय बसली. मला वाटलं, संपलं. ती मोठ्यानं ढेकरली, आणि थोड्या वेळानं तिचा जबडा हलू लागला. बाळाजी वाळूत मटकन बसला. "रवंथ," एवढंच म्हणाला.

दहा दिवसांनी बकरी ईद होती. गोऱ्हे गेले. गाय वाळली होती, म्हणून राहिली. ताहिरनं बाळाजीला ठेवलं, पण बजावलं, "दो महीने में इसको बराबर करो."

मी बाळाजीला हळूच म्हणालो, "कोंडा जरा कमीच घाल."

तो एकदम उसळला. "उपाशी ठेवू तिला? माझ्या हातानं?"

आणि तो पुन्हा मूठमूठ कोंडा वाढवू लागला. ताहिरला खरं सांगायचं, असं ठरवून मी दर शुक्रवारी जायचो आणि गाईच्या फासळ्या मोजून परत यायचो. आधी सहा दिसायच्या, मग चार, मग दोन. डिसेंबरात एकही दिसेना. बाळाजी तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. "बघा कशी भरलीय," तो म्हणाला, आणि दुसरीकडे बघू लागला.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो नाही.